फॉर्मवरची लाल ओळ

बाविसाव्या वर्षी मी आमच्या लोकांना लिहिता यावं म्हणून एक फॉर्म बनवला, आणि आमच्या लोकांपैकी कुणालाही त्यात लिहिता येणार नाही अशी व्यवस्था केली. हे मी मुद्दाम केलं. चुकून झालं असतं तर निदान आत्तापर्यंत विसरून तरी गेलो असतो.

फॉर्म म्हणजे फार काही नव्हतं. तंजावूरच्या मराठी घरांसाठी मी एक ब्लॉग काढला होता आणि त्यावर कुणालाही नवा लेख चढवता यावा म्हणून एक पान केलं होतं. वर शीर्षकाची चौकट, खाली मजकुराची मोठी चौकट, त्याखाली लिहिणाऱ्याचं नाव आणि तळाला एक बटण. आज हे सगळं आयतं मिळतं, माझ्या मुलीनं परवा चहा गार व्हायच्या आत स्वतःचा ब्लॉग उभा केला आणि वर मला विचारलं, "बाबा, तुम्हाला ह्याला तीन महिने कसे लागले?" त्या काळी प्रत्येक चौकट हातानं लिहावी लागे. एक कंस राहिला तर सगळं पान पांढरं फटक. असं पांढरं पान मी आमच्या गल्लीत सर्वांत जास्त वेळा पाहिलं असेल. बी.एस्सी. कॉम्प्युटरचा कागद हातात होता, सकाळी एका ट्रेनिंग सेंटरमध्ये पोरांना माउस धरायला शिकवत होतो आणि मनानं मात्र मी कधीच अमेरिकेत पोचलो होतो.

आमचं घर राजवाड्यामागच्या गल्लीत. पुढे तिण्णै, म्हणजे बसायचा ओटा. त्यावर अप्पा पहाटेपासून पेपर घेऊन बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बातम्या वाचून दाखवत, त्यानं मागितल्या नसल्या तरी. आत हॉल, हॉलच्या कोपऱ्यात माझा कॉम्प्युटर, त्यावर आईच्या जुन्या रेशमी साडीचा तुकडा. पाहुणे आले की तो तुकडा असा उचलला जाई की जणू आत देव आहेत. वीज जायची ती दिवसातून दोनदा ठरलेल्या वेळी, आणि गेली की खालचा यूपीएस केकाटायला लागे. स्वयंपाकघरातून आई ओरडे, "रागू, तुज पिल्लू रडतंय पा!" शेजारच्या घरातून तमिळ मालिकेतल्या सासूचा आवाज, मागच्या बाजूनं बंबाच्या धुराचा वास, आणि साडेदहाला गोळ्यांच्या आमटीला फोडणी बसली की ट्रेनिंग सेंटरातून घरी यायला मला कुठल्याही घड्याळाची गरज नसे. आमच्याकडे आमटीत बुडवलेले ते डाळीचे गोळे मोजून वाढत; अप्पांना चार, मला चार, आणि तुंगाआत्याला तीन, कारण ती म्हणायची, "मला दोन बास." तिला दोन वाढले तर ती दिवसभर बोलत नसे.

तुंगाआत्या म्हणजे अप्पांची धाकटी बहीण. तमिळ शाळेत तीस-एक वर्षं शिकवून निवृत्त झालेली, यजमान लवकर गेलेले, मुलगा कोईमतूरला. राहायची आमच्याकडे. तमिळ टंकलेखनाची वरची परीक्षा पास होती आणि हे ती आठवड्यातून एकदा तरी सांगे. अप्पांना वीज कचेरीला तक्रारी लिहायच्या असत म्हणून मी कॉम्प्युटरवर तमिळ अक्षरांची सोय केली होती. खरी तक्रार अप्पा सांगत आणि आत्या टायपायची. तिची बोटं चालायला लागली की छपरावर पाऊस पडल्यासारखा आवाज होई. मी, बी.एस्सी., दोन बोटांनी टायपत असे.

आता इथं बाहेरच्या वाचकाला एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या घरात सकाळपासून रात्रीपर्यंत मराठी बोललं जाई, पण लिहिताना ती तमिळ अक्षरांतून जाई. आईचं मेतकुटाचं प्रमाण तमिळ अक्षरांत, अप्पांची डायरी तमिळ अक्षरांत, बंगळूरच्या मामाला पाठवलेली 'आम्ही सगळे खुशाल आहोत' ही ओळसुद्धा तमिळ अक्षरांत. पिढ्यान्‌पिढ्या असंच. देवनागरी घरात वाचता येई ती फक्त मला, आणि तीही मराठीच्या प्रेमानं नव्हे. लहानपणी अप्पांनी हिंदीच्या परीक्षांना बसवलं होतं, नोकरी मिळेल म्हणून. नोकरी मिळाली नाही, अक्षरं राहिली. त्या अक्षरांचा मला पुढे जो माज चढला, त्याचं कारण पुण्याहून आलेले एक गृहस्थ.

ते राजवाड्यातल्या ग्रंथालयात जुने कागद बघायला आले होते. अप्पांना ते रस्त्यात मराठी बोलताना सापडले आणि अप्पांनी त्यांना जवळजवळ हाताला धरून जेवायला आणलं. गृहस्थांनी आमटी तीनदा मागितली, डांगर म्हणजे आमची उडदाच्या पिठाची ताकातली चटणी बोटानं चाटून संपवली, आणि हात धुता धुता म्हणाले, "तुमची मराठी फारच गोड हो! अगदी जपून ठेवण्यासारखी. अर्थात हिला मराठी म्हणायचं का, हा वेगळा प्रश्न आहे." आईला वाटलं स्तुती झाली, तिनं बरोबर डांगराचं पीठ बांधून दिलं. अप्पांना वाटलं स्तुती झाली. ते त्यांना सोडायला बस स्टँडपर्यंत गेले. फक्त मला कळलं, आणि मी रागावलो. पण त्या माणसावर नाही. घरच्यांवर! हा माझ्या तरुणपणाचा एकंदर नमुना.

पुढे मी पुण्यात वीस वर्षं नोकरी केली आणि तसली मराठी शिकलो, जी तुम्ही आत्ता वाचताय. तिथल्या भाजीवालीला ती कळते. पण ती अजून मला विचारते, "साहेब, तुम्ही मूळचे कुठले?" तर ते असो.

त्या दुपारनंतर मी ठरवलं की आमच्या लोकांना शुद्ध करायचं. ब्लॉगवर पहिला लेख मीच लिहिला. विषय 'आपली मायबोली'. वाचक एक, पुण्याचे ते गृहस्थ. त्यांनी उलट टपाली माझ्या चुकांची यादी पाठवली, आणि ती यादी लेखापेक्षा लांब होती. मग मी फॉर्मकडे वळलो. त्यात मी एक पहारेकरी बसवला. कुणी बटण दाबलं की तो मजकुरातलं अक्षर न्‌ अक्षर तपासायचा, आणि देवनागरी सोडून दुसरं अक्षर दिसलं की सगळा मजकूर बाहेर टाकून फॉर्म कोरा करायचा. परत द्यायचा नाही, साठवायचा नाही, सरळ पुसायचा. शहाण्या माणसानं लिहिणाऱ्याचा मजकूर चौकटीत तसाच ठेवला असता आणि चूक दाखवली असती. मला ते जमत नव्हतं, म्हणून मी त्याला शिस्त म्हटलं. वर कोऱ्या फॉर्मच्या डोक्यावर लाल अक्षरांत एक ओळ यायची: 'अशुद्ध मजकूर स्वीकारला जाणार नाही. कृपया मराठीत लिहावे.' ही सूचनाही अर्थात देवनागरीत. म्हणजे जिला वाचता येईल तिला तिची गरज नाही, आणि जिला गरज आहे तिला ती वाचता येणार नाही. इतकं चोख काम मी नंतर पगार घेऊनही केलं नाही.

गल्लीतल्या सगळ्यांना तिण्णैवर बोलावून मी फॉर्म जाहीर केला. आईनं सर्वांना कॉफी दिली. मी सांगितलं की इथं पाककृती लिहा, आठवणी लिहा, गाणी लिहा. लिहिलेलं लगेच दिसणार नाही, आधी मी वाचीन, मग पानावर घेईन. देवनागरीबद्दल सांगायचं मात्र राहिलं. मला वाटलं, ते उघडच आहे. सगळ्यांनी माना हलवल्या आणि कॉफीची वाटी-पेला पालथा घालून निघून गेले. पुढचे तीन आठवडे मी रोज संध्याकाळी ब्लॉग उघडून बघे. एकही लेख नाही. मग मी अप्पांना व्याख्यान दिलं: आपल्या लोकांना भाषेची चाडच नाही, तीनशे वर्षं नुसती आमटी ओरपली. अप्पा पेपरातून मान न काढता म्हणाले, "हौ का? तू वाढपी होतास वाटतं."

त्याच तीन आठवड्यांत आमच्या घरात काय चाललं होतं, ते मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. तुंगाआत्या दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळच्या बसनं ओरत्तनाडुला जात होती. तिथं कृष्णीआत्या राहायची, अप्पांची थोरली बहीण. दोघी बहिणी सहा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. कारण सांगतो. आमच्या लग्नांत विहिणीची गाणी असतात. दोन पक्ष समोरासमोर बसायचे, एका पक्षानं दोन ओळींत दुसऱ्याची खोड काढायची, दुसऱ्यानं दोन ओळींत परतवायची. गल्लीतल्या प्रत्येक लग्नात कृष्णीआत्या वरपक्षाकडून आणि तुंगाआत्या वधूपक्षाकडून, लग्न कुणाचंही असो. चाळीस वर्षं हेच. त्यामुळे एक चमत्कारिक गोष्ट झाली होती: कुठलंही गाणं पुरतं कुणालाच येत नव्हतं. तुंगाआत्याला प्रश्न पाठ, कृष्णीआत्याला उत्तरं.

*विहीणबाई आल्या दारी, पानसुपारी द्या गो,*
*तोंड रंगलं की जरा कमी बोलतील त्या गो!*

हे तुंगाआत्याचं. आणि समोरून:

*पान आलं तबकात, चुना कुठं ठेवला गो?*
*घर पांढरं दिसाया भिंतीलाच लावला गो!*

सहा वर्षांपूर्वीच्या एका लग्नात जेवणातलं डांगर तुंगाआत्यानं केलं होतं. कृष्णीआत्यानं ऐन मांडवात, ठरलेली ओळ सोडून, एक नवी म्हटली:

*डांगर केलं विहिणीनं, मीठ सढळ पडलं गो,*
*एका घासावर वऱ्हाडानं कावेरी संपवली गो!*

मांडव हसला. तुंगाआत्या उठली आणि मांडवातला नारळही न घेता, रिकाम्या हातानं रिक्षा करून घरी आली. त्यानंतर गल्लीतल्या लग्नांत सिनेमाची गाणी लागायला लागली.

आणि हीच तुंगाआत्या, माझं तिण्णैवरचं भाषण ऐकून, दुसऱ्या दिवशी ओरत्तनाडुच्या बसमध्ये बसली. आईनं मला नंतर सांगितलं की ती दारात गेली तेव्हा कृष्णीआत्या म्हणाली, "कोण मेलंय?" आणि ही म्हणाली, "कोणी नाही. मरायच्या आधी म्हणून आल्ये. तुज ओळी दे." दोघी मग ओसरीत बसल्या. कृष्णीआत्याचा घसा गेला होता, पावणेदोन ओळी झाल्या की खोकला. ही दिनदर्शिकेच्या फाडलेल्या पानांच्या पाठीमागं एकेक गाणं तमिळ अक्षरांत उतरवून घ्यायची, दुपारी घरी यायची, मी ट्रेनिंग सेंटरातून येऊन, जेवून पुन्हा बाहेर पडलो की साडीचा तुकडा बाजूला करून कॉम्प्युटरपुढे बसायची, आणि गाणं माझ्या फॉर्ममध्ये टायपून बटण दाबायची. लाल ओळ यायची, फॉर्म कोरा व्हायचा. आत्याला वाटायचं, पोचलं. लाल अक्षरांत आभार मानलेत. आणि शाळेत तपासून झालेल्या पेपरांचं जे करायची तेच ती करायची: काम झालेला कागद बंबात. एकूण एकोणीस गाणी. एकोणीस वेळा माझ्या लाल ओळीनं तिला सांगितलं की हे अशुद्ध आहे, आणि एकोणीस वेळा तिनं पडद्याकडे बघून मान लववली. हे मान लववणं आईनं स्वतः पाहिलं होतं. मला ते अजून दिसतं, न पाहता.

एका रविवारी दुपारी कृष्णीआत्या आली. काठी टेकत, बसनं, एकटी, सहा वर्षांनी आमच्या घरात. आईनं धावत जाऊन पाण्याचा लोटा दिला. ती हॉलमध्ये खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "कुठं आहेत माज गाणी? बंगळूरचे आपले लोक पण वाचणार म्हणे. मला पण बघू दे."

"कसली गाणी?" मी म्हणालो.

तुंगाआत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हाताला पीठ. "फॉर्ममधली रे. एकोणीस आहेत. तू वाचून घेणार होतास की."

"फॉर्ममध्ये काहीच आलेलं नाही, आत्या."

"असं कसं? बटण दाबत्ये, मग लाल अक्षरांत थँक्स म्हणून येतं, मग नवा कागद येतो."

मी साडीचा तुकडा काढला, फॉर्म उघडला. आत्यानं पदराला पीठ पुसलं, पुढे वाकून विहिणीच्या पानसुपारीच्या दोन ओळी टायपल्या, ऐटीत, वर न बघता, आणि बटण दाबलं. लाल ओळ आली. फॉर्म कोरा.

"हे बघ," ती म्हणाली. "हेच."

अप्पा तिण्णैवरून आत आले. त्यांनी माझं तोंड बघितलं आणि पडद्याकडे बोट केलं. "काय लिव्हलंय तिथं? वाच."

"अप्पा, ते तांत्रिक आहे..."

"वाच."

मी वाचलं. "अशुद्ध मजकूर स्वीकारला जाणार नाही." थांबलो.

"पुढं आहे की अजून," कृष्णीआत्या म्हणाली. तिला अक्षर येत नव्हतं, पण ओळ किती लांब आहे ते दिसत होतं.

"कृपया मराठीत लिहावे."

त्या खोलीत त्या क्षणी ज्या दोन बहिणी होत्या, त्यांच्याकडे जेवढी मराठी होती तेवढी मी त्यानंतर कुठल्याही शहरात, कुठल्याही कपाटात पाहिली नाही. आणि मी त्यांना मराठीत लिहा म्हणून सांगत होतो, एकोणीस वेळा. तुंगाआत्या खाली बसली. ओरडली नाही. तिनं फक्त विचारलं, "मग ती गेली कुठं?"

"कुठंच नाही. पुसली."

"सगळी?"

"सगळी. तुजकडे कुठं कागदावर लिहिलेली असतील ना?"

तिनं मागच्या दाराकडे पाहिलं, बंबाकडे. मग हाताकडे. मी त्या दिवशी पहिल्यांदा तिला वर्गाबाहेरची म्हातारी म्हणून पाहिलं. सहा वर्षांचा राग गिळून, बसमध्ये उभं राहून, थोरलीच्या खोकल्यातून एकेक ओळ काढून आणलेली, आणि त्या ओळी मी, शुद्धतेसाठी, हवेत सोडलेल्या.

कृष्णीआत्याला मात्र हसू फुटलं. आधी खोकला वाटला. मग काठी आपटत ती हसायला लागली. "तुंगे, सहा वर्षं तू मजवर रागावलीस, मीठ जास्त म्हटलं म्हणून! हा तर पान वाढायच्या आधीच उष्टं म्हणून टाकून देतोय." मग माझ्याकडे वळून, "पेन घे. कागद घे. तमिळमध्ये लिही, तुला येतं ना? का ते पण अशुद्ध?"

मी जमिनीवर बसलो. आईनं कॉफी ठेवली. दोघी समोरासमोर बसल्या, मांडवात बसायच्या तशा, आणि मी मध्ये. दुपार सरेपर्यंत चाललं. एकीला ओळ आठवे, दुसरीला तिचं उत्तर न आठवे. मग भांडण, मग एक घोट कॉफी, मग अचानक दोघी एकदम म्हणायच्या आणि एकमेकींकडे बघून थांबायच्या. वीज गेली, यूपीएस केकाटला, वीज परत आली, कुणी लक्ष दिलं नाही. मधेच, माझी मान कागदावर असताना, कृष्णीआत्यानं आवाज लावला:

*भाच्यानं केलं दार, भलं कुलूप लावलं गो...*

आणि चाळीस वर्षांची सवय म्हणून तुंगाआत्यानं पुढची ओळ जागच्या जागी रचली:

*घरचे बसले रस्त्यावर, चोर मुळी आलाच नाही गो!*

"हे पण लिही," अप्पा म्हणाले. मी लिहिलं.

एकोणिसांपैकी चौदा मिळाली. पाच मिळाली नाहीत. एकीला तिची ओळ आठवे ती दुसरीच्या ओळीवर टेकलेली, आणि दुसरी म्हणायची, "गेलं. त्या दिवशी आलं होतं, आता नाही." त्या पाचांत काय होतं, कुणाला ठाऊक नाही. मी पुढे पुण्यात लोकगीतांवरच्या एका परिसंवादात बसलो होतो, तिथं एका बाईंनी विचारलं की तंजावूरची विहिणीची गाणी इतकी थोडी का मिळतात. मी चहा आणायला बाहेर गेलो.

कागद भरल्यावर मी उठलो, कॉम्प्युटरपुढे बसलो आणि पहारेकरी शोधला. तो तीन ओळींचा होता. तीन महिन्यांच्या कामात मला सर्वांत जास्त अभिमान त्या तीन ओळींचा होता. त्या पुसल्या. तुंगाआत्याला बोलावलं. तिनं पहिलं गाणं कागदावर बघून टायपलं, बटण दाबलं आणि डोळे बारीक करून लाल ओळीची वाट पाहिली. ती आली नाही. मी तिथल्या तिथं पानावर घेतलं, आणि गाणं पडद्यावर आलं, तमिळ अक्षरांत, तिच्या नावासकट. तिनं ते मोठ्यानं वाचलं. कृष्णीआत्यानं काठीनं ताल धरला. मला वाटलं, आता कुणीतरी काहीतरी बरं म्हणेल.

"काय केलंस रे?" कृष्णीआत्यानं विचारलं.

"काही नाही, आत्या. तीन ओळी होत्या, त्या काढल्या."

"कुणी घातल्या होत्या?"

"मीच."

ती बहिणीकडे वळून म्हणाली, "बघ तुंगे, ओळींच्या ऐवजी आधी ह्यालाच काढला असता, तर एकोणीसच्या एकोणीस वाचली असती."